नॅरोबोटच्या बुडाला जस्त लावायचंय? मग आधी हे वाचा

गेल्या वर्षभरात मला तीन-चार मराठी घरांनी एकच प्रश्न विचारला. लंडनचं भाडं झेपत नाही म्हणून किंवा मनापासून आवडतं म्हणून नॅरोबोट (इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद पोलादी बोट, लोक हिच्यात राहतातही) घेतलीय, आता कुणीतरी सांगतंय की दर दोन-तीन वर्षांनी ब्लॅकिंग (बुडाला डांबर लावणं) करत बसण्यापेक्षा एकदाच झिंक, म्हणजे जस्त, मारून घ्या, तर घ्यायचं का? माझं उत्तर हो आहे, पण त्या हो च्या आधी चार-पाच कामं आहेत आणि ती गाळली तर झिंकचे पैसे अक्षरशः कॅनॉलमध्ये जातात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आमची बोट ५७ फुटी, १९९८ साली बांधलेली, ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड कॅनॉलवर फिरते. पहिल्या वेळी मी काय केलं तेही सांगतो कारण बहुतेक नवीन लोक तिथेच अडकतात. एका यार्डात (बोटी दुरुस्त करतात त्या आवारात) बोट वर काढली, जुनं डांबर वायर ब्रशने जमेल तितकं खरवडलं आणि वरून डब्यातला झिंक प्रायमर लावला, तिथल्या माणसाने चालेल म्हणून सांगितलं होतं. दीड वर्षाने बोट परत बाहेर काढली तर तो प्रायमर पापुद्र्यासारखा हाताने निघत होता आणि त्याच्या खाली पाणी शिरून पत्र्याला आधीपेक्षा खोल खड्डे पडलेले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच पण पोलाद गेलं त्याचं जास्त वाटलं, कारण पैसे परत कमावता येतात, गेलेला पत्रा परत येत नाही.

जस्त नक्की करतं काय

आपल्याकडे जी.आय.चा पत्रा, जी.आय.ची बादली सगळ्यांनी पाहिलीय. माझं गाव रत्नागिरीकडे, खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे साधे लोखंडी गज दर मे महिन्यात खरवडून त्यांना रेड ऑक्साइड मारायला लागायचा, आणि त्याच घराच्या पडवीवरचा जस्ती पत्रा मात्र वर्षानुवर्षं तसाच. त्या पत्र्याला खिळा ठोकून भोक पाडलं तरी भोकाच्या कडेला लगेच गंज धरत नाही. रंग लावलेल्या पत्र्याचं उलट असतं, एक ओरखडा गेला की तिथून गंज रंगाच्या खाली सरकत जातो.

कारण असं की जस्त लोखंडापेक्षा जास्त सक्रिय आहे. दोन्ही धातू एकमेकांना चिकटून पाण्यात असले की त्यांची एक छोटी बॅटरी तयार होते, जस्त विरघळतं आणि लोखंडाला विरघळू देत नाही. आकड्यात सांगायचं तर जस्ताचं प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट आणि लोखंडाचं उणे ०.४४, या फरकावर सगळा खेळ. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हेच मांडलं होतं, तेव्हा नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवायचा प्रयत्न झाला होता. तांबं वाचलंही, फक्त तांबं विरघळणं थांबल्यावर त्यावर शेवाळ आणि शिंपले बसायला लागले आणि जहाजं मंदावली.

आता कॅनॉलमधली खास गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही. समुद्रात एक ॲनोड (बुडाला लावलेला, स्वतः विरघळून पोलाद वाचवणारा धातूचा ठोकळा) लांबपर्यंत काम करतो, कॅनॉलमध्ये मात्र पुढे दोन मागे दोन लावलेले ॲनोड त्यांच्या आसपासच्या थोड्याच फुटांपुरते उपयोगी पडतात, ५७ फुटांच्या बोटीचा मधला भाग उघडाच राहतो. जस्ताचा थर अख्ख्या बुडावर असला की ओरखडा कुठेही पडो, ॲनोड त्याला चिकटूनच बसलेला असतो. मला विचाराल तर गोड्या पाण्यात जस्त मारायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आधी शब्द वेगळे करून घ्या

यार्डात झिंक हा एकच शब्द चार गोष्टींना वापरतात आणि कोटेशन घेताना त्यातूनच गोंधळ होतो. पहिली म्हणजे झिंक फॉस्फेट प्रायमर, हा साधा प्रायमर, यात जस्त धातू म्हणून नसतंच त्यामुळे वर सांगितलेलं बलिदान वगैरे तो करत नाही. दुसरी झिंक रिच पेंट, ज्याला कोल्ड गॅल्व्हनायझिंग पण म्हणतात, यात जस्ताची पूड खच्चून भरलेली असते आणि पुडीचे कण एकमेकांना आणि पोलादाला प्रत्यक्ष टेकले तरच तो चालतो, म्हणजे खाली डांबराचा किंवा गंजाचा थर राहिला की संपलं (माझं पहिल्या वेळी हेच झालं). तिसरी खरी, थर्मल स्प्रे किंवा मेटल स्प्रे, जस्ताची तार वितळवून तिचे थेंब हवेच्या दाबाने पत्र्यावर मारतात. आणि चौथी झिंक ॲनोड, वेल्ड करून लावायचे ठोकळे. कुणी म्हणालं की आम्ही झिंक करून देतो, तर लगेच विचारा की तार की डबा.

कल्हईवाल्याची आठवण येत असेल तर ती जरा बाजूला ठेवा, कल्हई कथलाची असते आणि कथील लोखंडासाठी असा जीव देत नाही. काम करायची जिद्द मात्र तीच लागते, भांडं घासून लख्ख केल्याशिवाय कल्हई धरत नाही तसं इथेही पत्रा उघडा झाल्याशिवाय जस्त धरत नाही.

पहिलं काम, पत्रा किती उरलाय ते मोजा

नॅरोबोटच्या जाहिरातीत १०/६/४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तळाची बेसप्लेट १० मिलिमीटर, बाजू ६, केबिन ४. जुन्या बोटी याहून पातळ असू शकतात. हे झाले बांधतानाचे आकडे, आत्ताचे नाहीत. स्वतंत्र सर्व्हेअर बोलवा, यार्डने दिलेला नको आणि विकणाऱ्याने दिलेला तर नकोच, आणि अल्ट्रासॉनिक गेजने जागोजागची जाडी लिहून घ्या. बऱ्याच विमा कंपन्या ४ मिलिमीटरच्या खाली गेलं की पूर्ण विमा द्यायला कुरकुर करतात. दर ४ वर्षांनी लागणाऱ्या बोट सेफ्टी सर्टिफिकेटवर विसंबू नका, त्यात गॅस, वीज, आग या गोष्टी बघतात, पत्र्याची जाडी बघतच नाहीत, आणि हे माहीत नसल्यामुळे खूप लोक सर्टिफिकेट आहे म्हणजे बूड ठीक आहे असं धरून चालतात.

सरासरी जाडीपेक्षा सगळ्यात खोल खड्डा विचारा. ६ मिलिमीटरचा पत्रा सगळीकडे साडेपाच आहे आणि एका ठिकाणी ३ मिलिमीटरचा पिट आहे, तर बोट त्या पिटमधून बुडणार, सरासरीतून नाही. पाण्याची रेघ, म्हणजे वर हवा खाली पाणी असा तीन-चार इंचांचा पट्टा, वीड हॅचची (प्रोपेलरमध्ये अडकलेला कचरा काढायच्या झाकणाची) आतली बाजू, मागे प्रोपेलरच्या वरचा आडवा पत्रा आणि बाजू बेसप्लेटला मिळते तो कोपरा, या जागा मुद्दाम मोजून घ्या.

पत्रा फारच गेला असेल तर जस्त त्याला परत जाड करत नाही. तिथे आधी ओव्हरप्लेटिंगचा, म्हणजे वरून नवा पत्रा वेल्ड करायचा विचार, आणि कधी कधी ती बोट न घेण्याचा विचार.

दुसरं काम, गंज का येतोय ते शोधा

हे टाळू नका, खरंच. नुसता वयाचा गंज असेल तर तो सगळीकडे सारखा, हळूहळू येतो. खड्डे आतून चकचकीत, स्वच्छ दिसत असतील तर विजेचा संशय घ्या. मरिनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, शोअर पॉवर (किनाऱ्यावरून घेतलेली वीज) लावली की तुमच्या बोटीची अर्थिंगची वायर शेजारच्या सगळ्या बोटींच्या अर्थिंगला जोडली जाते, पाणी दुसऱ्या बाजूने जोडतंच, मग ती सगळी मिळून एक मोठी बॅटरी होते आणि जी बोट जास्त सक्रिय ती विरघळते. आता विचार करा, तुमच्या अख्ख्या बुडाला जस्त आहे आणि शेजारच्या सहा बोटी नुसत्या डांबरावर आहेत, तर तुमचं जस्त कुणाला वाचवणार? त्या सहाही बोटींना. म्हणून शोअर पॉवरवर राहणाऱ्याने जस्ताच्या आधी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगच्या वायरमधून जाणारा हा बारीक प्रवाह अडवणारं यंत्र) बसवायचा, किंवा परवडत असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो जास्त चांगला कारण त्यात किनाऱ्याची अर्थिंग बोटीला जोडलेलीच राहत नाही. अर्थिंगची वायर नुसती कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात माणूस मरतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच.

दुसरा गुन्हेगार जिवाणू. पत्र्यावर नारिंगी फोड आले असतील, फोडल्यावर आत काळा चिखल आणि अंड्यासारखा वास, खाली चमकणारा खड्डा, तर ते सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं काम असण्याची शक्यता मोठी. अशा जागा प्रेशर वॉशरने गोड्या पाण्याने मनसोक्त धुवायच्या, मग पाणी घातलेलं ब्लीच लावून थोडा वेळ ठेवायचं, परत धुवायचं. नुसता वरून रंग मारला तर ते आत जिवंत राहतात.

आणि नवीन बोट घेतलेल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. कारखान्यातून आलेल्या नव्या पोलादावर निळसर काळी कडक पापडी असते, मिल स्केल. ती दिसायला संरक्षणासारखी पण जिथे तडकते तिथे खालचं पोलाद झपाट्याने खड्डा धरतं. बऱ्याच बोटी या मिल स्केलवरच डांबर मारून पाण्यात सोडलेल्या असतात. जस्त मारायची सगळ्यात उत्तम वेळ खरं तर बोट बांधून झाल्या झाल्या, आत फर्निचर जायच्या आधी.

यार्ड निवडताना

यार्ड पर फूट भाव सांगतात. त्या भावात नक्की काय काय येतं ते लिहून घ्या. बेसप्लेट धरलीय का (कित्येक ठिकाणी ट्रॉलीवरच काम करतात आणि तळ सोडून देतात), ज्या ठोकळ्यांवर बोट ठेवली त्यांच्या खालची जागा नंतर बोट सरकवून करणार का, ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने टोकदार दाणे मारून पत्रा उघडा करणं) कुठल्या ग्रेडपर्यंत, जस्त किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), वर एपॉक्सीचे (दोन डबे मिसळून लावायच्या कडक रंगाचे) किती हात, काम शेडमध्ये की उघड्यावर, आणि शेवटी जाडीचे आकडे लेखी देणार का. शेवटच्या प्रश्नावर जो यार्ड आढेवेढे घेतो तिथे मी जाणार नाही.

उघड्यावर करणार असतील तर मे ते सप्टेंबरमध्येच. इंग्लंडातल्या नोव्हेंबरच्या हवेत उघडा पत्रा तासाभरात ओलसर होतो.

थोडा हिशोब पण करून बघा, कोटेशन समजायला बरं पडतं. ५७ फूट म्हणजे १७.४ मीटर, रुंदी २.०८ मीटर, तर तळ साधारण ३६ चौरस मीटर, दोन बाजू मिळून धरा ३४, म्हणजे एकूण ७० च्या आसपास. १५० मायक्रॉनचा थर म्हणजे चौरस मीटरला एक किलोहून थोडं जास्त जस्त, तर नुसत्या बुडावर चिकटलेलं जस्तच ७५ किलो. मारताना उडून वाया जातं ते वेगळं. त्यामुळे कुणी ब्लॅकिंगच्या थोड्याच वरच्या भावात थर्मल स्प्रे देतोय म्हणाला तर तो तार वापरत नसणार किंवा थर नावापुरता असणार.

बोट बाहेर काढल्यावर

त्याच दिवशी प्रेशर वॉश. शेवाळ आणि शिंपले सुकले की दगडासारखे होतात. तेल, ग्रीस, डिझेलचे डाग डिटर्जंटने काढायचे आणि हे ब्लास्टिंगच्या आधी, कारण ब्लास्टिंगने ग्रीस निघत नाही, ते पत्र्यात आणखी ठोकलं जातं.

मग वेल्डिंगची सगळी कामं उरकून टाका. पिट भरणं, पट्ट्या लावणं, ॲनोड वेल्ड करणं. जस्त आणि एपॉक्सी लागल्यावर वेल्डिंग केलं की केलेलं सगळं जळतं. बोटीच्या आत बहुतेक ठिकाणी स्प्रे फोमचं इन्सुलेशन असतं, बाहेरून वेल्डिंग करताना ते आत पेट घेऊ शकतं आणि त्याचा धूर फार विषारी, म्हणून आत फायर एक्स्टिंग्विशर घेऊन एक माणूस उभा पाहिजेच, वेल्डिंग संपल्यावरही काही वेळ. तो माणूस मी स्वतः होतो, आमच्या गादीखालच्या कपाटात जळका वास आला आणि वेळेवर पाणी मारता आलं.

पुढच्या टोकाला पत्र्यातच बनवलेली पाण्याची टाकी असेल तर ती रिकामी करा. थंड पाण्याने भरलेल्या टाकीचा पत्रा बाहेरून घामेजतो आणि त्यावर काहीच धरत नाही. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या बोटवाल्याने सांगितली, कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नव्हती.

ब्लास्टिंग

इथे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा. कामाला वाळू वापरत नाहीत, सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं जातात, गार्नेट किंवा स्लॅगची टोकदार ग्रिट वापरतात. हवं काय तर ग्रेड (पत्रा किती स्वच्छ झाला त्याची मोजपट्टी) किमान एसए २.५, म्हणजे जवळजवळ पांढरा धातू, आणि मेटल स्प्रेसाठी एसए ३ मिळाला तर उत्तम. नुसतं स्वच्छ असून भागत नाही, पत्रा बारीक खरखरीत पण पाहिजे, ७५ मायक्रॉनच्या आसपास, साधारण एका केसाच्या जाडीएवढे डोंगर-दऱ्या, कारण जस्ताचे थेंब त्यात अडकून बसतात, ते काही रंगासारखे चिकटत नाहीत. वायर ब्रश किंवा ग्राइंडरने पत्रा चकचकीत गुळगुळीत होतो आणि नेमकं तेच नकोय.

ग्रिट कुठेही जाते. इंजिनच्या हवेच्या जाळ्या, खिडक्या, गॅस लॉकरची भोकं, स्टर्न गिअर (प्रोपेलरच्या दांड्याचा भाग), रडरचं म्हणजे सुकाणूचं बेअरिंग, सगळं टेप आणि प्लॅस्टिकने बंद करा आणि हे स्वतः जाऊन बघा. दोन दिवस बोटीत राहू नका.

ब्लास्टिंग झाल्यावर पत्रा फिकट राखाडी, एकसारखा दिसतो आणि त्या वेळी बोटीचं खरं रूप कळतं. मोजताना न सापडलेले पिट आता दिसतील, काही ठिकाणी भोकही पडेल. भोक पडलं म्हणून ब्लास्टरवर चिडू नका, ते भोक आधीपासून होतंच, गंजाने बुजलेलं होतं आणि किनाऱ्यावर सापडलं हे बरं झालं. ते वेल्ड करायचं, ती जागा परत ब्लास्ट करायची.

जस्त

ब्लास्टिंग आणि जस्त यांच्यात वेळ जाऊ द्यायचा नाही. चार तासांच्या आत म्हणतात, दमट दिवशी त्याहून कमी. उघड्या पत्र्यावर हलकी तपकिरी झाक आली की परत ब्लास्टिंग, तिथे तडजोड नाही. म्हणून चांगले लोक अख्खी बोट एकदम ब्लास्ट करत नाहीत, जेवढं त्या दिवशी जस्ताने झाकता येईल तेवढंच करतात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर, हे दोन आकडे मोजायचं छोटं यंत्र त्यांच्याकडे असतं, ते खिशातून निघतंय का ते बघा.

स्प्रे दोन प्रकारे करतात. फ्लेम म्हणजे गॅसच्या ज्योतीत तार वितळवायची, आर्क म्हणजे दोन तारांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडून वितळवायची. स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली, मूळ कल्पना आजही तीच. जस्त ४१९ अंशांना वितळतं पण थेंब इतके बारीक की पत्रा फार तापत नाही, त्यामुळे आतला फोम सुरक्षित राहतो. तार शुद्ध जस्ताची घेता येते किंवा ८५ टक्के जस्त १५ टक्के ॲल्युमिनियमची. खाऱ्या, निमखाऱ्या पाण्यात जाणार असाल तर मिश्रणाचा विचार करा, फक्त कॅनॉलवर राहणार असाल तर शुद्ध जस्त पुरतं असं माझं मत.

जाडी १०० ते २०० मायक्रॉनमध्ये, मी १५० मागितली. मारून झाल्यावर मॅग्नेटिक गेजने जागोजागी मोजायची, विशेषतः कोपऱ्यात, बेसप्लेटच्या कडेला, रबिंग स्ट्रेकच्या (बाजूला घासण्यापासून वाचवायला लावलेल्या पोलादी पट्टीच्या) खालच्या अंगाला, कारण स्प्रेची बंदूक तिथे नीट पोचत नाही. आमच्या बोटीत स्ट्रेकखाली ६० भरली आणि त्यांनी परत मारून दिली. मोजलंच नसतं तर कुणाला कळलं असतं?

हे काम स्वतः भाड्याने बंदूक आणून करायचा विचार करू नका. जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात, आणि बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय ब्लास्टिंग तर त्याहून वाईट. तुम्ही करायचं काम म्हणजे उभं राहून बघणं, मोजणं आणि फोटो काढणं.

सीलर आणि एपॉक्सी

स्प्रे केलेलं जस्त दिसायला मॅट, पांढुरकं, हाताला सॅंडपेपरसारखं आणि स्पंजासारखं सच्छिद्र असतं. ते तसंच पाण्यात सोडलं तर कामाला लागतं आणि स्वतः संपायला लागतं, कारण अख्खं जस्त पाण्याला उघडं आहे. वर एपॉक्सीचा थर हवा, म्हणजे पाणी फक्त ओरखड्यापाशी जस्ताला भेटेल आणि जस्त वर्षानुवर्षं पुरेल. एपॉक्सी आणि जस्त एकमेकांचं आयुष्य वाढवतात, एकट्याने दोघंही कमी टिकतात.

पहिला हात थिनर घालून पातळ, ज्याला मिस्ट कोट म्हणतात. थेट जाड हात मारला तर छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि प्रत्येक बुडबुड्याचं एक भोक राहतं. पातळ हात आत मुरला की मग एपॉक्सीचे दोन पूर्ण हात, शक्यतो वेगळ्या रंगाचे, म्हणजे कुठे राहिलं ते डोळ्यांना दिसतं. कडा, वेल्डच्या रेघा आणि कोपरे आधी ब्रशने घ्यायचे कारण रोलरने तिथे थर पातळ बसतो.

हे एपॉक्सीचं काम तुम्ही स्वतः करू शकता, आम्ही दोघांनी केलं. दोन डबे मिसळायचं प्रमाण डोळ्यांनी नाही, मोजूनच. मिसळल्यावर ठरावीक वेळच हातात असतो, गरम दिवशी आणखी कमी, म्हणून थोडं थोडं मिसळा. पुढचा हात किती तासांनंतर आणि किती तासांच्या आत मारायचा हे डब्याबरोबरच्या कागदावर असतं, ती मुदत चुकली तर सॅंडपेपर मारल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक साधी एपॉक्सी १० अंशांखाली नीट वाळत नाहीत. नायट्राइलचे हातमोजे आणि लांब बाह्या, कारण हार्डनरची (एपॉक्सी घट्ट करणाऱ्या दुसऱ्या डब्याची) ॲलर्जी एकदा झाली की जन्मभर पाठ सोडत नाही. माझ्या बायकोने मनगटाला टेप लावून मोजे घट्ट केले होते, तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं, पण मनगटावर लाल चट्टे मलाच आले, तिला नाही.

ॲनोडवर रंग जाऊ देऊ नका. रंगवलेला ॲनोड म्हणजे नुसतं ओझं. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, समुद्रात जस्ताचे आणि निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचे असा साधा नियम. मॅग्नेशियमचे मात्र गरजेपेक्षा जास्त ठोकू नका, अति झालं तर आसपासचं कोटिंग सुटायला लागतं.

पाण्यात सोडायची घाई करू नका. हाताला सुकलं म्हणजे आतून घट्ट झालं असं नाही, कागदावर पाण्यात सोडायचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, आमच्यात थंडी होती म्हणून आम्ही दहा दिवस थांबलो. यार्डला पुढची बोट घ्यायची असते, ते मागे लागतात, तेव्हा हे दिवस कोटेशनमध्येच लिहून घेतलेले बरे.

नंतर

पहिला ओरखडा पहिल्याच आठवड्यात पडेल, मन तयार ठेवा. ऑक्सफर्ड कॅनॉलवरच्या नॅप्टनसारख्या सात फुटी लॉकमध्ये (बोट वरखाली नेणाऱ्या दारांच्या हौदात) पावणेसात फुटांहून रुंद बोट घालायची म्हणजे भिंत लागणारच, आणि तळ तर गाळावर, विटांवर, टाकून दिलेल्या ट्रॉल्यांवर घासतोच. दोन-तीन वर्षांनी एकदा बोट बाहेर काढून धुवा, मोजा, जुन्या आकड्यांशी ताडून बघा. ओरखडा असेल तर तिथे कडेने सॅंडपेपर मारून, सुकवून एपॉक्सीचा हात द्या, खाली पत्र्यापर्यंत जस्तच निघून गेलं असेल तरच आधी ती जागा नीट उघडी करून झिंक रिच पेंट, त्याची खरी जागा ही. डांबर मात्र या बुडावर परत कधी लावू नका, डांबरावर एपॉक्सी बसत नाही, मग पुढचं सगळं काम परत ब्लास्टिंगपासून.

ओरखडा कसा वाचायचा ते सांगून थांबतो. दोन वर्षांनी आम्ही बोट बाहेर काढली तेव्हा पुढच्या डाव्या कोपऱ्यात हातभर लांब चर पडली होती, एपॉक्सी पार निघालेलं. माझ्या पोटात गोळा आला. जवळ जाऊन हाताचं बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागली, खडूसारखी, आणि त्याखाली पत्रा राखाडी. लाल गंज कुठेच नव्हता. पांढरं दिसलं की जस्त कामावर आहे, धुऊन एपॉक्सी लावा. लाल दिसलं की तिथलं जस्त संपलंय, त्याच फेरीत ती जागा उघडी करून घ्या, पुढच्या खेपेवर ढकलू नका.